दिवा आणि घागर

(नभोवाणीवरील भाषण)

भिंतीवरचें बटण दाबलें कीं दिवा लागतो, पंखा फिरूं लागतो आणि नळाचें पाणी वरच्या टाकींत चढूं लागतें. ही गोष्ट आपल्या इतकी अंगवळणीं पडली आहे कीं ती घडते कशी, हा प्रश्न सहसा मनांत येत नाहीं. वीज गेली म्हणजे तिची आठवण होते, आणि महिनाअखेर बिल हातीं आलें म्हणजे तिची किंमत कळते. परंतु बिलांत लिहिलेली किंमत ही विजेची पुरी किंमत नव्हे. तिचा एक भाग दूरच्या खाणींतून, एक भाग आकाशांतून, आणि आपल्या मराठवाड्यापुरतें बोलावयाचें तर एक मोठा भाग गोदावरीच्या पाण्यांतून वसूल होत असतो. जळणापासून वीज होते कशी, आणि ती होतांना हा दुसरा हिशेब कोणाच्या नांवें मांडला जातो, याविषयीं आज आपणांशीं चार शब्द बोलण्याचें मीं योजिलें आहे.

प्रथम मूळ तत्त्व पाहूं. इ. स. १८३१ सालीं इंग्लंडांत मायकेल फॅरडे यानें असें दाखवून दिलें कीं लोहचुंबक आणि तांब्याच्या तारेचें वेटोळें यांपैकीं एक दुसऱ्याजवळ हालत राहिलें म्हणजे तारेंत विजेचा प्रवाह उत्पन्न होतो. सूर्यप्रकाशावर चालणारीं वीजघरें सोडलीं तर आजचीं बहुतेक सर्व मोठीं वीजघरें याच एका तत्त्वावर चालतात. तेव्हां वीज निर्माण करणें याचा व्यावहारिक अर्थ एक जड चाक अखंड फिरत ठेवणें इतकाच होतो. तें चाक कोणी फिरवावयाचें, एवढाच काय तो प्रश्न उरतो.

चाक फिरविण्याची एक जुनी रीत आपल्या छत्रपती संभाजीनगरांतच, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेंतच, पाहावयास सांपडते. सतराव्या शतकाच्या आरंभीं मलिक अंबरानें हें नगर वसविलें, आणि जमिनीखालून नहरी काढून त्यास पाणी पुरविण्याची विद्या येथें रुजविली. अशाच एका नहरीचें पाणी पाणचक्कीपाशीं उंचावरून खालीं पडे, त्याच्या जोरानें चाक फिरे, आणि चाकाच्या आसावर बसविलेलें जातें फकिरांसाठीं व यात्रेकरूंसाठीं धान्य दळी. जात्याच्या जागीं जनित्र बसविलें कीं पाणचक्कीचें जलविद्युत् केंद्र झालें! परंतु असें पडतें पाणी सर्वत्र नसतें. जेथें तें नाहीं तेथें मनुष्यानें अग्नीला चाकास जुंपलें.

तें कसें जुंपलें तें ऐका. दगडी कोळसा गिरणींत पिठासारखा बारीक दळतात आणि तप्त हवेच्या झोताबरोबर भट्टींत फुंकतात. हा धुरळा तेथें पेटता राहतो, आणि भट्टीच्या भिंतींना लागून उभ्या असलेल्या नळ्यांतील पाण्याची वाफ होते. ही वाफ चुलीवरच्या आधणाच्या वाफेसारखी मवाळ नसते. मोठ्या दाबाखालीं ती ५०० अंश सेंटिग्रेडहून अधिक तापविलेली असते. टर्बाइन नांवाच्या चक्राच्या पात्यांवर ती सोडली म्हणजे तें चक्र मिनिटाला ३,००० फेरे घेतें, आणि त्याच आसावरचें जनित्र वीज देऊं लागतें. काम करून थकलेली वाफ थंड पाण्याच्या नळ्यांवरून नेऊन तिचें पुन्हां पाणी करितात, आणि तें पाणी परत बॉयलरकडे धाडतात. म्हणजे अशा वीजघराला एका हातीं अग्नि लागतो आणि दुसऱ्या हातीं थंडावा. अग्नि सर्वांस दिसतो. थंडाव्याची गोष्ट मात्र सहसा कोणी सांगत नाहीं, आणि आपल्या आजच्या विषयाचें मर्म तर तिच्यांतच आहे.

थॉमस एडिसन यानें १८८२ सालीं लंडनांत होल्बर्न व्हायाडक्ट येथें आणि त्याच वर्षीं न्यूयॉर्कांत पर्ल स्ट्रीट येथें कोळशावर चालणारीं वीजघरें उघडलीं. १८८४ सालीं चार्ल्स पार्सन्स यानें वाफेचें टर्बाइन सिद्ध केलें. आजचीं वीजघरें कितीही अवाढव्य झालीं असलीं तरी त्यांचा सांगाडा तोच आहे. त्यांस एक निसर्गनियमही तेव्हांपासून चिकटलेला आहे. उष्णतेचें काम करून घ्यावयाचें तर तिचा कांहीं भाग थंड बाजूस सोडून द्यावाच लागतो, असें सादी कार्नो या फ्रेंच इंजिनियरानें १८२४ सालींच दाखविलें होतें. आपल्याकडील कोळशाच्या वीजघरांत जळणांतील उष्णतेचे शंभर भाग धरले तर त्यांपैकीं सुमारें ३५ भागांचीच वीज होते. बाकीचे धुराड्यावाटे आणि थंड करणाऱ्या पाण्यावाटे निघून जातात. शेराचें माप भरावें आणि जेमतेम दीड पाव पदरीं पडावा, अशांतला हा व्यवहार आहे.

आपल्या प्रांतांत ही विद्या प्रथम मुंबईस आली. तेथें १९०५ सालीं वाडी बंदर येथें कोळशाचें वीजघर सुरू झालें आणि १९०७ पासून विजेच्या ट्रामगाड्या धावूं लागल्या. त्या काळीं मुंबईच्या कापडगिरण्या आपापले बॉयलर पेटवीत, आणि त्यांच्या धुराड्यांनीं आकाश काळवंडलेलें असे. जमशेटजी टाटा यांच्या मनांत आलें कीं सह्याद्रीच्या माथ्यावर पावसाळ्यांत जें पाणी कोसळतें तें अडवून त्याचीच वीज करावी. १९०४ सालीं ते निवर्तले. परंतु त्यांची कल्पना १९१५ सालीं खोपोलीस साकार झाली, आणि लोणावळ्याकडील तलावांचें पाणी पांचशें मीटरांहून अधिक उंचीवरून उतरून गिरण्या चालवूं लागलें.

ही वीज बिनधुराची खरी, पण बिनखर्चाची नव्हती. पुढें मुळशीचें धरण बांधण्याची वेळ आली तेव्हां तेथील मावळ्यांच्या भातशेत्या पाण्याखालीं जाणार म्हणून १९२१ सालीं सत्याग्रह उभा राहिला आणि सेनापति बापट यांनीं त्याचें नेतृत्व केलें. धरण झालें, गांवें बुडालीं आणि मुंबईस वीज मिळाली. विजेचा लाभ एकास व्हावा आणि तिचा भार दुसऱ्यानें वाहावा, या गोष्टीचा आपल्या महाराष्ट्रांतला हा पहिला ठळक दाखला होय. तो ध्यानांत ठेवावा, कारण अग्नीच्या विजेकडे वळल्यावर हीच गोष्ट निराळ्या वेषांत आपणांस पुन्हां भेटणार आहे.

पुढें मुंबईची भूक डोंगरच्या पाण्याला भागविणें अशक्य झालें, आणि १९५६ सालीं तुर्भें येथें जळणावर चालणारें वीजघर उभें राहिलें. १९८४ सालीं तेथें ५०० मेगावॅटचा संच आला; एवढा मोठा संच देशांत तो पहिलाच. त्याला कोळसा, तेल आणि वायु हीं तिन्ही जळणें चालत. मुंबई हायचा नैसर्गिक वायु किनाऱ्यास आल्यावर उरण येथेंही वायूवरचें वीजघर झालें. अशा रीतीनें, ज्या मुंबईनें धुरापासून सुटका व्हावी म्हणून पाण्याचा आश्रय केला होता ती पुन्हां अग्नीकडे आली.

आतां तेलाकडे पाहूं. रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनियराचें इंजिन १८९७ सालीं यशस्वी झालें. त्यांत ना बॉयलर, ना वाफ. दाबून तापविलेल्या हवेंत तेलाची फवारणी झाली कीं तें आपोआप पेट घेतें आणि दट्ट्या ढकलतें. या इंजिनाचा मोठा गुण असा कीं तें हांक मारतांच उठतें. कोळशाची भट्टी थंडीची पूर्ण तापावयास कांहीं तास लागतात. डिझेलचें जनित्र कांहीं सेकंदांत वीज देतें. म्हणूनच इस्पितळाच्या शस्त्रक्रियागृहाला त्याच्यासारखा भरंवशाचा सोबती नाहीं. परंतु गुणाबरोबर दामही आला. एक लिटर डिझेलमध्यें सुमारें १० युनिटांइतकी उष्णता असते आणि तिच्यापासून तीन, फार तर साडेतीन युनिटें वीज हातीं लागते. डिझेलचा भाव लिटरला ९० रुपयांच्या आसपास धरला तर नुसत्या तेलापायीं युनिटाला २५ ते ३० रुपये पडतात. संकटकाळीं हा खर्च सोसावा. रोजच्या संसाराला तो झेपणारा नव्हे.

तरीही तो सोसण्याचा प्रसंग आपल्यावर येऊन गेला आहे. २००५ सालापासून पुढें कित्येक वर्षें महाराष्ट्रांत भारनियमनाचा काळ होता, आणि मराठवाड्यास त्याचा चटका विशेष बसला. त्या दिवसांत गुलमंडी असो कीं औरंगपुरा असो, दुकानाच्या पायरीवर जनित्र धडधडत आहे आणि त्याचा धूर फुटपाथावरून चालणारांच्या नाकांत जात आहे, हें दृश्य नित्याचें झालें होतें. मोठ्या जनित्रांना आवाज कोंडणारी पेटी असावी आणि तिच्यापासून एक मीटरवर ७५ डेसिबलांहून अधिक आवाज येऊं नये, असा नियम सरकारनें केला. परंतु धुराला पेटींत कोंडतां येत नाहीं. वीजघर गांवाबाहेर असतें म्हणून त्याचा धूर आपणांस दिसत नाहीं. भारनियमनाच्या काळीं वीजघर दारांत आलें आणि जळणाची वीज म्हणजे काय वस्तु आहे हें सर्वांना कळलें.

तेलाच्या विजेचा दुसरा धोका असा कीं तिची किल्ली परक्याच्या हातीं असते. १९७३ सालीं जगांतील विजेचा सुमारें चौथा भाग खनिज तेलापासून होत असे. त्याच वर्षाच्या अखेरीस तेलाचे भाव एकाएकीं चौपट झाले, आणि शहाण्या राष्ट्रांनीं वीजघरांतून तेलाला हळूहळू रजा दिली. आज तो हिस्सा शेंकडा तीनांच्या घरांत उतरला आहे. आपल्या महाराष्ट्राला हाच धडा कोंकणांत दाभोळ येथें मिळाला. एन्रॉन या अमेरिकन कंपनीच्या पुढाकारानें तेथें उभारलेल्या प्रकल्पाचा ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा १९९९ सालीं नाफ्थ्यावर सुरू झाला. नाफ्था हें खनिज तेलापासून निघणारें एक पातळ द्रव्य. तेलाचा भाव चढला तसा त्या विजेचाही भाव चढला. अखेर मे २००१ मध्यें राज्याच्या वीज मंडळानें ती वीज घेणें थांबविलें आणि केंद्र बंद पडलें. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत एन्रॉनचें दिवाळें निघालें, आणि २००५ सालीं तें केंद्र नव्या सरकारी कंपनीकडे सोंपवावें लागलें. जळण परक्या बाजारांतून घ्यावयाचें आणि त्याच्या भावावर आपला कांहीं ताबा नाहीं, अशा स्थितींत विजेचा करार कितीही चतुराईनें लिहिला तरी तो अडचणींत आल्यावांचून राहत नाहीं.

उरला कोळसा. तो आपल्या देशांत विपुल आहे. म्हणूनच भारतांतील विजेचा सुमारें तीन-चतुर्थांश भाग आजही कोळशापासून होतो. महाराष्ट्रांत त्याच्या खाणी आहेत विदर्भांत, चंद्रपूर, वणी व नागपूर या बाजूस. मराठवाड्याच्या पोटांत कोळसा नाहीं. तरीसुद्धां १९७१ सालीं बीड जिल्ह्यांत परळी वैजनाथ येथें ३० मेगावॅटचा पहिला संच सुरू झाला. वैद्यनाथाच्या त्या क्षेत्रास रेल्वेची सोय होती आणि मागासलेल्या या भागास विजेची निकड होती. पुढें १९८० ते १९८७ या काळांत २१० मेगावॅटचे तीन संच आले. २००७ व २०१० सालीं २५० मेगावॅटचे दोन आणि २०१६ सालीं तेवढाच आणखी एक संच आला. जुने संच आतां निवृत्त झाले असून ७५० मेगावॅटचे तीन नवे संच राहिले आहेत. तिकडचे लोक या केंद्रास नुसतें ‘थर्मल’ म्हणतात. त्या एका शब्दावर हजारों कुटुंबांची चूल पेटते.

आतां थोडें त्रैराशिक करूं. आपल्याकडील कोळशाच्या एका किलोंत सुमारें ३,५०० किलोकॅलरी उष्णता असते, आणि एक युनिट वीज करावयास सुमारें २,४५० किलोकॅलरी लागतात. म्हणजे एका युनिटामागें सातशें ग्रॅम कोळसा जळतो. परळीचे तिन्ही संच पुऱ्या भारानें दिवसभर चालले तर १ कोटी ८० लक्ष युनिटें वीज होईल आणि १२,६०० टन कोळसा लागेल. मालगाडी चार हजार टनांची धरली तर अशा तीन गाड्या रोज रित्या व्हावयास हव्यात. आपल्या कोळशांत राख फार. ती शेंकडा ३५ धरली तरी रोज ४,४०० टन राख मागें उरते. तिच्यापासून विटा होतात, सिमेंटांत ती मिसळतात, रस्त्यांच्या भरावांत घालतात. सरकारी नियमही तिचा पुरा उपयोग करावा असेंच सांगतो. पण उघड्या गाडींतून ती नेली म्हणजे वाऱ्यावर उडते, आणि वाटेवरच्या शेतांतील पिकावर व घरांतील भाकरीवर येऊन बसते.

येथें एक गंमतीची गोष्ट सांगतों. कोळशाच्या वीजघरालाही तेल लागतें. थंड भट्टींत दगडी कोळसा एकदम पेट घेत नाहीं. आधीं तेलाच्या फवाऱ्यांनीं भट्टी तापवावी लागते आणि मग कोळसा आंत सोडतात. घरच्या बंबांत ढलप्यांखालीं रॉकेलचा बोळा ठेवावा तसेंच हें. संच जितक्या वेळां बंद होऊन पुन्हां सुरू होईल तितक्या वेळां हें महागडें तेल जाळावें लागतें. आणि परळीचे संच बंद पडण्याचें एक कारण असें घडलें आहे कीं तें ऐकून परप्रांतीयास नवल वाटावें. तें कारण म्हणजे पाणी.

मघाशीं मीं थंडाव्याची गोष्ट राखून ठेविली होती ती आतां सांगतों. थकलेल्या वाफेची उष्णता ज्या पाण्यानें घेतली तें पाणी स्वतः ऊन होतें. त्यास निववावयासाठीं उंच मनोऱ्यांत वरून धारांनीं सोडतात. तें निवतें, पण निवतां निवतां त्याचा कांहीं अंश वाफ होऊन आकाशांत जातो. वीजघराच्या मनोऱ्यांवर जे पांढरे ढग दिसतात ते धुराचे नसून या पाण्याचे असतात. जें उडून गेलें तें रोज नव्यानें भरावें लागतें. डिसेंबर २०१५ मध्यें केंद्र सरकारनें जुन्या वीजघरांसाठीं जी मर्यादा घालून दिली ती दर युनिटास साडेतीन लिटरांची आहे. त्या मापानें परळीचे ७५० मेगावॅट एक दिवस पुऱ्या भारानें चालविण्यास ६ कोटी ३० लक्ष लिटर पाणी लागेल. शहरांतल्या माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी असावें असें आपलें सरकारी माप आहे. भागाकार करून पाहा. साडेचार लक्षांहून अधिक माणसांच्या घागरी त्या पाण्यांत भरतात.

कोंकणच्या किनाऱ्यावर हा प्रश्न नाहीं. तेथें समुद्र पायाशीं आहे. परंतु मराठवाडा हा पर्जन्यछायेंतला मुलूख. परळीस पाणी मिळतें तें मुख्यत्वें गोदावरीवरील खडका येथील बंधाऱ्यांतून. तो आटला म्हणजे वरच्या धरणांकडे, म्हणजे माजलगावाकडे आणि जायकवाडीकडे, डोळे लागतात. जायकवाडीचा नाथसागर म्हणजे आपणां सर्वांची तहान. १९६५ सालीं लालबहादुर शास्त्री यांच्या हस्तें त्याची कोनशिला बसली आणि १९७६ सालीं इंदिरा गांधी यांच्या हस्तें त्याचें उद्घाटन झालें. तो भरला म्हणजे त्यांत शंभर टी. एम. सी. हून अधिक पाणी मावतें. पण त्यांतील सव्वीस टी. एम. सी. तळाचें, कालव्यांत न उतरणारें. आपलें शहर त्याच पाण्यावर जगतें, वाळुंज-चिकलठाण्याचे कारखाने त्यावरच चालतात, आणि खालच्या जिल्ह्यांतला ऊस व कापूसही त्याचीच वाट पाहतो. आठवड्यांतून एखाद्याच दिवशीं नळाला पाणी येण्याचे दिवस या शहरानें पाहिले आहेत.

अशा मुलुखांत २०१२ सालचा पावसाळा कोरडा गेला, आणि फेब्रुवारी २०१३ मध्यें पाण्याअभावीं परळीचें सबंध केंद्र, त्या वेळचे ११३० मेगावॅट, बंद करावें लागलें. जुलै २०१५ मध्यें पुन्हां तोच प्रसंग आला. कोळसा होता, यंत्रें होतीं, कामगार होते. नव्हतें तें फक्त पाणी. जे कंत्राटी कामगार रोजाच्या मजुरीवर होते त्यांचें काम तुटलें. पुढच्या उन्हाळ्यांत, एप्रिल २०१६ मध्यें, लातूरला मिरजेहून आगगाडीनें पिण्याचें पाणी आणावें लागलें. जी रेल्वे मराठवाड्यास विजेसाठीं कोळसा आणीत असे तीच तहानेसाठीं पाणी वाहूं लागली. दिवा आणि घागर यांत भांडण लागलें म्हणजे काय होतें, याचें याहून स्पष्ट चित्र मला तरी ठाऊक नाहीं.

अशा वेळीं निर्णय काय व्हावा याविषयीं दुमत नाहीं. आधीं पिण्याचें पाणी, मग बाकी सर्व. परंतु केंद्र बंद पडलें तरी आपल्या घरचे दिवे विझले नाहींत, हेंही लक्षांत घ्या. देशांतलीं वीजघरें आज एकाच तारांच्या जाळ्यांत गुंफलेलीं आहेत. एकीकडचा तुटवडा दुसरीकडून भरून काढतां येतो. ही सोय मोठी आहे, पण तिच्यांत एक मोहही आहे. बटण दाबणारास आपल्या विजेचें पाणी कोणाच्या नदीचें, धूर कोणाच्या आकाशांतला आणि राख कोणाच्या शेतावरची, याचा पत्ता लागत नाहीं. मुळशीचीं बुडालेलीं गांवें तरी डोळ्यांना दिसत होतीं.

धुराचेंही असेंच. कोळशाच्या विजेच्या एका युनिटामागें सुमारें एक किलो कार्बन डाय-ऑक्साइड वायु हवेंत जातो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं, म्हणून त्याची तक्रारही कोणी करीत नाहीं. तो वर्षानुवर्षें आकाशांत साठत जातो आणि पृथ्वीची उष्णता पांघरुणासारखी अडवून धरतो. उष्णता वाढली म्हणजे पाऊस लहरी होतो आणि धरणांतलें पाणी अधिक उडतें. म्हणजे ज्या पाण्यावांचून हीं वीजघरें बंद पडतात त्या पाण्याचाच भरंवसा त्यांचा धूर घालवीत असतो.

मग वीजघरें आजच बंद करावींत काय? असा उपदेश मी करणार नाहीं. ज्यांनीं कंदिलाच्या उजेडांत अभ्यास केला त्यांना विजेची थोरवी कोणी शिकवावयास नको. सूर्य मावळल्यावर इस्पितळ चालावें, पिठाची गिरणी चालावी, तर आज रात्रीं कोळशाचाच आधार आहे. परंतु दिवसाची गोष्ट वेगळी. मराठवाड्याला पाणी थोडें दिलें असलें तरी ऊन देवानें हात न आखडतां दिलें आहे, आणि सूर्याच्या विजेस थंड करावयाला पाणी लागत नाहीं. तावदानें धुण्यापुरतें थोडें लागतें इतकेंच. आपल्याच जिल्ह्यांत वैजापूर तालुक्यांतील ढोंदलगाव येथें २०२४ सालीं ३ मेगावॅटचा सौर प्रकल्प सुरू झाला. शेतीपंपांना दिवसा वीज देण्याच्या राज्याच्या नव्या योजनेंतील तो पहिला. रात्रीच्या पाळीची वीज आली म्हणून काळोखांत विंचू-सापांतून पाणी भरावयास जाणाऱ्या शेतकऱ्याला दिवसाच्या विजेचें मोल वेगळें सांगावें लागत नाहीं.

दिवसाची वीज रात्रीसाठीं सांठविण्याचे मार्गही आहेत. घाटघर येथें २००८ सालीं २५० मेगावॅटचें असें केंद्र झालें कीं जेथें वीज मुबलक असतांना खालचें पाणी पंपानें वर चढवितात आणि गरज पडली म्हणजे तेंच खालीं सोडून वीज करितात. पैठणच्या धरणाच्या पायथ्याशीं १२ मेगावॅटचें लहानसें केंद्र याच धर्तीचें आहे. पाणचक्कीच्या चाकाचा हा नवा अवतारच म्हणावयाचा. त्यांत पाणी खर्च होत नाहीं, वर-खालीं फिरतें.

हीं कामें सरकारचीं आणि कंपन्यांचीं. आपण काय करावें? एक लहानसें उदाहरण देतों. जुना पंखा ७५ वॉट घेतो, नव्या पद्धतीचा ३० वॉट. दिवसाला १२ तास आणि वर्षाला ३०० दिवस तो चालला तर एका पंख्यामागें १६२ युनिटें वांचतात. तीं कोळशाचीं असतील तर ११३ किलो कोळसा जळावयाचा राहिला, आणि साडेपांचशें लिटरांहून अधिक पाणी नदींत राहिलें. एका घरचा हा हिशेब लहान दिसतो. एक लक्ष पंख्यांचा केला तर साडेपांच कोटी लिटरांच्या वर जातो. टाकी भरून वाहत असतां चालू राहिलेला पंप तर दुहेरी अपराधी आहे. तो एकदां पाणी गटारांत घालवितो आणि दुसऱ्यांदा वीजघराच्या मनोऱ्यांतून आकाशांत.

श्रोतेहो, कोणाच्या दारीं पाहुणा आला म्हणजे आपल्याकडे आधीं पाण्याचा तांब्या पुढें करितात, मग दिवा मोठा करितात. हा क्रम आपल्या पूर्वजांनीं विचार करूनच घातला असेल. विजेच्या प्रत्येक युनिटामागें सातशें ग्रॅम कोळसा आणि साडेतीन लिटर पाणी उभें आहे, एवढे दोन आंकडे आपण लक्षांत ठेविले आणि मुलांबाळांस सांगितले, तर दिव्याला घागरींतलें पाणी मागण्याची पाळी येणार नाहीं.